मुलांची चित्रकथा : शिबिरातील अनुभव

(इंदिरानगर, नाशिक येथे संस्थेचे सभासद, पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलांसाठी आपण जी चित्रकथा शिबिरे घेतो, त्यांचा अनुभव सभासदांसमोर ठेवावा, असे कार्यकारिणीने आम्हाला सांगितले. आम्ही म्हणजे शिबिराचे काम पाहणारे चौघे जण. आमच्यात कोणी नावाजलेला चित्रकार नाही. एक जण शाळेत चित्रकला शिकवतात, एक अंबडच्या कारखान्यात नोकरी करतात आणि दोघी घर सांभाळून हे काम करतात. तेव्हा कलेवरच्या व्याख्यानाची अपेक्षा आमच्याकडून करू नये. जे केले, जे चुकले आणि त्यातून जे समजले, तेवढेच सांगणार आहोत.

'कॉमिक्स' म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. आमच्या लहानपणी दप्तरात 'इंद्रजाल'चा वेताळ सापडला, तर घरात बोलणी ठरलेलीच असत. पहिल्या शिबिराची सूचना फळ्यावर लावली, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हाला थांबवून विचारले, "अहो, स्कॉलरशिपचे वर्ग घ्या, स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन ठेवा. हे चित्रांचे काय खूळ काढले?" प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता. आपल्या समाजाने शिक्षणासाठी काय सोसले, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मुलांचा एक तासही वाया जाऊ नये असे वाटते. त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करतो.

पहिली गोष्ट म्हणजे चित्रांतून कथा सांगणे आपल्याला परके नाही. मध्य प्रदेशातील भरहूतच्या स्तूपाचा कठडा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. त्याचे अवशेष आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत. त्यावर जातककथा कोरल्या आहेत आणि पुष्कळ ठिकाणी कथेचे नावही ब्राह्मी लिपीत कोरले आहे. त्यातल्या एका गोल शिल्पात अनाथपिंडिकाने जेतवन विकत घेऊन दान दिल्याचा प्रसंग आहे. बैलगाडीतून नाणी आली आहेत, माणसे ती जमिनीवर पसरत आहेत, आणि त्याच वर्तुळात अनाथपिंडिक हातात झारी घेऊन दानाचे पाणी सोडतो आहे. आधीचा आणि नंतरचा प्रसंग एकाच चौकटीत, खाली मथळा. याला चित्रकथा म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे? अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात विश्वंतर जातक रंगवले आहे. तिथे एकच राजपुत्र पुन्हा पुन्हा दिसतो, आणि आपण त्याच्यामागे चालत गेलो की कथा उलगडते. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही धम्म कळावा, ही त्या कारागिरांची दृष्टी होती.

दुसरी गोष्ट अलीकडची. 'अमर चित्र कथा' मालेत १९७९ साली बाबासाहेबांचे चरित्र निघाले. मजकूर एस. एस. रेगे यांचा आणि चित्रे दिलीप कदम यांची. आज पन्नाशीत असलेल्या अनेकांनी बाबासाहेब प्रथम वाचले ते त्या रंगीत पानांतून. खंड हातात घेण्याआधी ते पुस्तक हातात आले होते, हे नाकारून चालणार नाही.

एवढी तयारी करून आम्ही पहिले शिबिर घेतले, आणि ते साफ फसले. पंचवीसेक मुले आली होती. आम्ही उत्तम जाड कागद दिला, रंगपेट्या दिल्या आणि विषय दिले : बुद्धांच्या जीवनातील प्रसंग, बाबासाहेबांच्या जीवनातील प्रसंग. दोन दिवसांनी पाहतो तो सगळ्या कागदांवर एकच चित्र. पिंपळाचे झाड, पद्मासन, डोक्यामागे पिवळे वर्तुळ. दुसऱ्या गठ्ठ्यात निळा सूट, चष्मा, हातात पुस्तक. चित्रे सुरेख होती. काहींना आई-वडिलांनी मदत केल्याचेही दिसत होते. पण एकाही कागदावर कथा नव्हती. मुलांना विचारले, "इथे काय घडते आहे?" तर ती पाठ केलेली वाक्ये म्हणून दाखवत. श्रद्धा होती, पण ती मुले स्वतः त्या कागदावर कुठेच नव्हती. प्रदर्शन झाले, टाळ्या झाल्या, फोटो निघाले; आणि आम्ही चौघे घरी जाताना गप्प होतो.

पुढचे शिबिर घेण्याआधी आम्ही थोडी चौकशी केली, वाचन केले. दिल्लीचे व्यंगचित्रकार शरद शर्मा यांनी 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया'च्या माध्यमातून ठिकठिकाणच्या सामान्य माणसांना चित्रकथा करायला शिकवले आहे. फिनलंडचे लेइफ पाकालेन यांच्यासह त्यांनी या पद्धतीवर २००७ साली पुस्तकही लिहिले. त्यांची पद्धत अगदी साधी. चित्रकार बाहेरून आणायचा नाही. ज्याची हकिकत आहे त्यानेच ती काढायची. चौकटी फक्त चार. काळी शाई, पांढरा कागद, झेरॉक्स प्रती, आणि त्या प्रती आपल्याच वस्तीत लावायच्या. चित्र वाकडे असले तरी चालते, कारण वाचणाऱ्याला काढणारा ओळखीचा असतो. हे वाचल्यावर आमची चूक आमच्या ध्यानात आली. आम्ही मुलांना रंग दिले होते, पण बोलायला जागा दिली नव्हती.

आता शिबिर प्रत्यक्षात कसे चालते ते सांगतो, म्हणजे इतर वस्त्यांतल्या कार्यकर्त्यांनाही उपयोग होईल.

सुरुवात आम्ही त्रिरश्मी लेण्यांपासून करतो. पांडवलेणी म्हणून सगळे ओळखतात ती ही लेणी आपल्याला जवळ आहेत, पण आपल्याच भागातल्या कितीतरी मुलांनी ती सहलीला जावे तशी एकदाच पाहिलेली असतात. तिथे आम्ही मुलांना शिल्पांपेक्षा शिलालेख आधी दाखवतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंच्या चीवरासाठी ३००० कार्षापणे गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवली, त्याचा व्याजाच्या दरासह हिशेब तिथे कोरलेला आहे. ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. आणि १७ क्रमांकाच्या लेण्यात उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने आपले आणि आपल्या मुलाचे, धम्मरक्षिताचे, नाव लिहून ठेवले आहे. राजाची आई आणि परदेशी मुलखाचा माणूस, दोघांनीही आपण काय दिले ते आपल्या नावाने सांगितले. दोन हजार वर्षांच्या सुमारास ती नावे टिकली.

एकदा एका चुणचुणीत मुलाने आम्हाला पेचात टाकले. भिंतीवर कोणा प्रेमवीरांनी खिळ्याने ओरखडलेल्या नावांकडे बोट दाखवून तो म्हणाला, "सर, यांनीपण कोरले आहे की." सगळे हसले. मग आम्ही समजावले की ही लेणी संरक्षित स्मारक आहेत, त्यांच्यावर रेघ ओढणे हा गुन्हा आहे. नाव लिहायचे तर आपल्या कागदावर लिहायचे. त्या दिवसापासून शिबिराचा नियम झाला. प्रत्येक चित्रकथेखाली मुलाचे नाव आणि इयत्ता त्याच्याच अक्षरात असते. विषय नाजूक असेल आणि मूल नको म्हणाले, तर मात्र नाव घालत नाही. तो निर्णय त्याचा.

परत आल्यावर मुले गोलात बसतात आणि एकेक गोष्ट सांगतात. अट एकच : गोष्ट पाहिलेली किंवा अनुभवलेली हवी. टीव्हीतली नको, मोबाइलमधली नको. सुरुवातीला मुले लाजतात. मग एखादा कुत्र्याची गोष्ट सांगतो, दुसरी पाण्याच्या मोटारीवरून झालेले भांडण सांगते, आणि तासाभरात आवाज आवरता आवरत नाही.

त्यानंतर गोष्टीचे चार तुकडे करायचे. पहिल्या चौकटीत कोण आणि कुठे. दुसरीत अडचण. तिसरीत अडचण वाढते किंवा कलाटणी मिळते. चौथीत शेवट, किंवा वाचणाऱ्याला टाकलेला प्रश्न. ऐकायला सोपे वाटते, पण मोठ्या माणसांनाही ते पटकन जमत नाही. आपल्या सभांतली भाषणे पाहा, पहिल्या चौकटीतच अर्धा तास जातो! चारच चौकटी असल्या की मुलाला ठरवावे लागते, नेमके काय सांगायचे आहे आणि काय सोडून द्यायचे. आमच्या त्या ज्येष्ठ सभासदांना आम्ही आता सांगतो की निबंध, सारांश, मुद्देसूद उत्तर, या सगळ्याचा पाया इथे घातला जातो.

मग कागद. चारशेवीस नव्हे, एफोर आकाराचे दोन कागद एकमेकांखाली जोडून भित्तिचित्रकथा होते. एका कागदावर दोन चौकटी. प्रत्येक कागदाची झेरॉक्स कोपऱ्यावरच्या दुकानात निघते आणि नंतर चिकटवता येते. फिकट पेन्सिल झेरॉक्समध्ये उमटत नाही, म्हणून कच्चे काम पेन्सिलीने आणि पक्के काळ्या पेनाने. रंग मुद्दाम टाळतो. रंगीत प्रतीचा खर्च वाढतो आणि ज्याच्याकडे चांगली रंगपेटी आहे त्याचे चित्र उगाच उठून दिसते.

अक्षरांबाबत एक गोष्ट अनुभवाने शिकलो. मुले आधी संवादाचा फुगा काढतात आणि मग त्यात शब्द कोंबतात. आपल्या मराठीला वर वेलांटी-मात्रेला आणि खाली उकाराला जागा लागते. इंग्रजी फुग्याच्या मापाने काढले की 'बुद्धविहार'मधला 'बु' फुग्यात आणि 'हार' फुग्याबाहेर जातो. म्हणून आधी शब्द लिहायचे, मोठ्या अक्षरात, आणि मग भोवती फुगा काढायचा. जो आधी बोलतो त्याचा फुगा डावीकडे किंवा वर. कच्चे चित्र झाले की ते दुसऱ्या गटाला वाचायला द्यायचे, आणि काढणाऱ्याने गप्प बसायचे. वाचणाऱ्याला कळले नाही तर दोष वाचणाऱ्याचा नाही. हा नियम मुलांना कठीण जातो, पण त्यातूनच ती सुधारतात.

या पद्धतीने काय आले त्याची दोन उदाहरणे देतो.

एका चौथीतल्या मुलाचे वडील अंबडला रात्रपाळी करतात. त्याने चार चौकटींत फक्त 'शू...' हा शब्द लिहिला. पहिल्या चौकटीत आई तोंडावर बोट ठेवून 'शू' म्हणते. दुसरीत ताई कुकरच्या शिट्टीला 'शू' म्हणते. तिसरीत तो स्वतः रस्त्यावरच्या भंगारवाल्याला 'शू' म्हणतो. चौथीत वडील चादरीतून डोके काढून विचारतात, "अरे, घरात कोणी नाही का?" हे पाहून त्याचे वडील इतके हसले की डोळ्यांत पाणी आले. आपल्या झोपेसाठी घर दिवसभर कसे पायांच्या बोटांवर चालते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

दुसरे उदाहरण काळाराम मंदिर सत्याग्रहाचे. २ मार्च १९३० रोजी आपल्या नाशकात हा लढा सुरू झाला. बाबासाहेबांचे नेतृत्व, आणि इथली बाजू कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी सांभाळली. काही वर्षे चाललेला हा लढा आणि त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा, हे आपण सारे जाणतो. मुलांनी हा प्रसंग काढला तेव्हा बाबासाहेब अर्धा कागद भरून आणि बाकीचे सत्याग्रही ठिपक्यांसारखे. आम्ही विचारले, "हे ठिपके कोण?" मुले म्हणाली, "लोक." "त्यांना भूक लागली असेल? त्यांची लेकरे कोणाकडे ठेवली असतील? बायाही होत्या ना त्यांत?" दुसऱ्या दिवशी एका मुलाने पूर्ण चौकटभर फक्त पाय काढले. काही अनवाणी, काही वहाणांतले, एका पायाला लेकरू बिलगलेले. वर लिहिले होते, "आम्ही पण होतो." ते चित्र पाहून आमच्यातल्या एकीला बोलवेना. आपले आजे-पणजे असेच चौकटीबाहेर राहिले होते, ते एका सहावीतल्या पोराने आत आणले.

आता आपण बाबासाहेबांच्या स्वतःच्या लेखनाकडे येऊ. १९३५-३६ च्या सुमारास त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने काही आठवणी लिहिल्या. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या १९९० मध्ये पुस्तिकारूपाने छापल्या. त्यात त्यांनी १९०१ सालचा लहानपणीचा प्रवास सांगितला आहे. वडील गोरेगावला नोकरीस. मुले साताऱ्याहून निघाली, मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आले नाही. जात कळताच स्टेशनमास्तर दूर झाला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक तयार झाला, तो या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार. जेवणाचा डबा जवळ होता, पण पाणी कोणी देईना. म्हणून ती लेकरे तशीच झोपली.

विद्यार्थी मित्रांनो, हे लिहिताना बाबासाहेब कोण होते याचा विचार करा. परदेशातल्या विद्यापीठांच्या उच्च पदव्या मिळवलेले, गोलमेज परिषद गाजवलेले नेते. त्यांना आकडे देता आले असते, कायद्याची कलमे देता आली असती, आणि ती त्यांनी इतरत्र दिलीही. पण परदेशी वाचकाला अस्पृश्यता म्हणजे काय हे समजावताना त्यांनी नऊ वर्षांच्या मुलाची तहान सांगितली. लहान मुलाची हकिकत हा पुरावा आहे, असे त्यांनी मानले. आमच्या शिबिराचा आधार आम्ही इथे मानतो.

याच आठवणींवर २०११ मध्ये 'भीमायन' ही चित्रकथा नवयान प्रकाशनाने काढली. चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंत दांपत्याची, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. व्याम दांपत्याने ठराविक चौकोनी चौकटी वापरायला नकार दिला. माणसांना डब्यांत कोंडायचे नाही, मोकळी हवा हवी, ही त्यांची भूमिका. त्यांनी आपल्या भिंतीवरच्या नक्षीने प्रसंग वेगळे केले. बोलण्याचे फुगेही त्यांचे स्वतःचे. मायेने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. हे पुस्तक दाखवल्यावर आमच्या मुलांनी आपापले फुगे शोधले. कोणी कुकरच्या शिट्टीचा, कोणी तुटक्या पाटीचा. चारच चौकटींचा आमचा नियमही एका मुलीने तेव्हा मोडला, आणि आम्ही मोडू दिला.

आता जे सांगायचे आहे ते थोडे अवघड आहे, कारण ते आपल्याच संस्थेबद्दल आणि आम्हा चौघांबद्दल आहे.

मागच्या एका शिबिरात सातवीतल्या एका मुलीने आपल्या अभ्यासिकेवर चित्रकथा काढली. पहिल्या चौकटीत अभ्यासिकेची पाटी : 'सर्वांसाठी खुली, सकाळी ६ ते रात्री १०'. दुसरीत ती संध्याकाळी सात वाजता दप्तर घेऊन येते. तिसरीत एक कार्यकर्ते काका मायेने सांगतात, "बेटा, उशीर झाला, मुलींनी आता घरी जावे." चौथीत ती घरी स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसली आहे, शेजारी मिक्सर सुरू आहे, आणि डोक्यावरच्या फुग्यात लिहिले आहे, "सर्वांसाठी म्हणजे कोणासाठी?"

आम्ही ती चित्रकथा वाचली आणि एकमेकांकडे पाहिले. प्रदर्शनाला पाहुणे येणार होते. देणगीदार येणार होते. आम्ही तिला जवळ बोलावून गोड शब्दांत सांगितले, "शेवट जरा चांगला कर ना. म्हणजे मुलगी शेवटी अभ्यास करून पहिली येते, असे काहीतरी." ती काही बोलली नाही. खोडरबर घेऊन तिने चौथी चौकट पुसली आणि हातात प्रगतिपुस्तक घेतलेली हसरी मुलगी काढली. त्या मुलीला तिने डोळे काढले नव्हते. विचारले तर म्हणाली, "राहिले."

रात्री आमच्यातल्या एकीचा फोन आला. तिला झोप लागत नव्हती. "आपण तिला गप्प केले," एवढेच ती म्हणाली. पहिल्या शिबिरात मुलांच्या कागदावर कथा नाही म्हणून आम्ही हळहळलो होतो. आता कथा आली होती, आणि आम्ही ती पुसायला लावली होती. सकाळी आम्ही त्या मुलीकडे गेलो. चूक आमची आहे, तुला वाटत असेल तर आधीचीच चौकट पुन्हा काढ, असे सांगितले. तिने लगेच हो म्हटले नाही. दुपारी कागद आणून दिला. खोडलेल्या जागेवर कागद जरा फाटला होता, ओटा पहिल्यासारखा नीट आला नव्हता. झेरॉक्समध्ये ती खूण दिसत नाही, मूळ कागदावर दिसते. तो कागद आम्ही जपून ठेवला आहे.

कार्यकारिणीच्या बैठकीत यावर खूप चर्चा झाली. संस्थेची बदनामी होईल, असे काहींचे म्हणणे होते. मुलीच्या सुरक्षिततेसाठीच तिला घरी पाठवले, त्यात वाईट काय, असेही म्हटले गेले, आणि त्यात तथ्य होते. रस्त्यावर अंधार असतो, आई-वडिलांना घोर लागतो, हे खोटे नाही. तेव्हा एक उपासिका उठल्या. त्या म्हणाल्या, "वर्षावासात आपण कालाम सुत्त वाचले. परंपरेने आले म्हणून मानू नका, गुरूने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा, हे भगवंतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले. या पोरीने आपली पाटी तपासली. आता पाटी बदला, नाहीतर वागणे बदला." बैठक थोडा वेळ शांत झाली.

चित्रकथा प्रदर्शनात लागली, आणि नंतर महिनाभर अभ्यासिकेच्या दाराशीही राहिली. पाहुण्यांपैकी कोणी देणगी परत घेतली नाही. पुढे असे ठरले की संध्याकाळी सातनंतर दोन माता आळीपाळीने अभ्यासिकेत बसतील आणि नऊ वाजता मुलींना गटाने घरी सोडतील. सगळे सुरळीत झाले असे आम्ही सांगणार नाही. लग्नसराईत, सणावारी माता येऊ शकत नाहीत आणि मुली पुन्हा सातला घरी जातात. ज्या आठवड्यात मातांना जमत नाही, त्या आठवड्यात वडिलांनी का बसू नये, हा प्रश्न त्या मुलीच्या मैत्रिणीने पुढच्या चित्रकथेत काढला आहे. तीही दाराशी लावली आहे. जाताना जरूर वाचा.

तेव्हा त्या ज्येष्ठ सभासदांना आमचे उत्तर असे. स्कॉलरशिपचे वर्ग हवेतच, स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शनही हवे. पण ज्या मुलाला आपली अडचण चार माणसांसमोर सांगता येत नाही, ते मोठेपणी अधिकारी झाले तरी आपल्या माणसांची अडचण कशी मांडणार? ते बोलणे लहानपणीच शिकावे लागते. मुलांना चित्रकथा शिकवणे सोपे आहे, दोन दिवस पुरतात. ती वाचून घेणे आपल्याला शिकायचे आहे, त्याला वेळ लागतो. आम्ही तिसऱ्या-चौथ्या शिबिरापर्यंत शिकत होतो, अजूनही शिकतो आहोत.

सभासदांकडे आमच्या चार मागण्या आहेत, आणि त्यांतली एकही पैशांची नाही. एका चित्रकथेच्या दहा प्रती दोन कप चहाच्या पैशांत निघतात, तो प्रश्न नाही.

पहिली मागणी : विहारात, अभ्यासिकेत आणि शक्य तिथे सोसायटीच्या जिन्यात एकेक फलक फक्त मुलांसाठी मोकळा ठेवा. त्यावर शुभेच्छांचे फ्लेक्स लावू नका.

दुसरी : पालकांनो, मुलाच्या हातातली पेन्सिल घेऊ नका. त्याचा हत्ती डुकरासारखा दिसला तरी चालेल.

तिसरी : चित्रकथांना पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक देऊ नका. आम्ही एकदा दिला आणि पुढच्या वेळी सगळ्यांनी पहिल्या क्रमांकाची नक्कल केली.

चौथी : एखादी चित्रकथा आपल्याला बोचली, तर ती काढून टाकण्याआधी त्या मुलाशेजारी बसून त्याला पूर्ण गोष्ट सांगू द्या.

आणि दहावी-बारावीच्या, महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनो, तुमच्याकडे पाचवी मागणी. तुमच्यापैकी काही जण याच शिबिरांत बसून गेले आहेत. आता धाकट्यांना शिकवायला या. रेघ सरळ येत नसली तरी या. तुमच्या आजी-आजोबांच्या आठवणी त्यांच्या तोंडून ऐकून घ्या. दंगलीच्या, दुष्काळाच्या, गाव सोडून नाशकात आल्याच्या, पहिल्यांदा शाळेत गेल्याच्या. ती माणसे फार दिवस आपल्यात राहणार नाहीत. त्यांच्या हकिकती चार-चार चौकटींत काढून ठेवल्या, तर हीच आपली वही होईल, आणि तिच्यावर त्यांची नावे असतील.

पुढचे शिबिर दिवाळीच्या सुटीत आहे. येताना एक काळा पेन आणि पाहिलेली एक गोष्ट एवढेच आणावे. कागद आम्ही देऊ.



जय भीम! नमो बुद्धाय!